बातमीला धनी हवा

गेल्या दहा वर्षांत नाशिक शहराच्या सार्वजनिक जीवनात एक मोठा बदल झाला असून त्याची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात सापडावयाची नाही. पाणी केव्हा येणार, रस्ता कोठे खचला, वीज किती वाजेपर्यंत जाणार, बिबट्या कोणत्या मळ्यात दिसला, गंगापूर धरणातून किती विसर्ग चालू आहे, अशी जी रोजच्या संसाराला लागणारी बातमी, ती नागरिकांस आता प्रथम वृत्तपत्रातून कळत नाही, आकाशवाणीवरून कळत नाही, आणि महापालिकेकडून कळण्याची सवय तर त्यांना कधी लागलीच नाही. ती कळते सोसायटीच्या किंवा प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, नाही तर शहराचे अथवा उपनगराचे नाव धारण करून चालणाऱ्या फेसबुकच्या एखाद्या पानावरून. सिडकोतील गृहिणी, सातपूरचा कामगार, पंचवटीतील पूजासाहित्याचा दुकानदार आणि गंगापूर रोडवरील डॉक्टर यांच्यात इतर बाबतीत साम्य असो वा नसो; सकाळी उठल्याबरोबर आपापल्या ग्रुपवर नजर टाकण्याच्या बाबतीत ते सारखेच आहेत.

हे नवे वार्तापत्र कोण चालवतो आणि त्यातील मजकुराच्या खरेखोटेपणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आजवर दिवाणखान्यातील गप्पांपुरताच राहिला. तो आम्ही आज पहिल्या पानावर घेत आहोत, याचे कारण सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ हा ध्वजारोहणाचा दिवस ठरला असून २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान आहे. मागील सिंहस्थ २०१५ साली झाला. त्यानंतर वर्षभराने, २०१६ च्या सप्टेंबरात, जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट इतके स्वस्त झाले की, ते भाजीवाल्याच्या गाडीवर आणि शेतमजुराच्या खिशात जाऊन पोहोचले. म्हणजे रामकुंडावर जमणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हातात बातमीचा कारखाना घेऊन उभा आहे, असा हा पहिलाच सिंहस्थ होय. रस्ते, पूल, साधुग्राम, मलनिःसारण यांची चर्चा रोज होत आहे. या कारखान्याची चर्चा मात्र कोठे ऐकू येत नाही.

प्रथम या ग्रुपांचे जे देणे लागते ते देऊन टाकू. सुशिक्षित मंडळींत त्यांच्याविषयी नाक मुरडण्याची एक पद्धत पडली आहे. सकाळची सुविचारांची फुले आणि वाढदिवसांचे केक पाहून ती पडली असेल, तर तीत आश्चर्य नाही. परंतु हे ग्रुप रिकामटेकड्यांच्या करमणुकीसाठी वाढले, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक व्हावयास २०२६ चा जानेवारी उजाडला. मधली जवळजवळ चार वर्षे शहराला नगरसेवक नव्हता. नगरसेवक चांगला की वाईट, हा प्रश्न वेगळा. पण गल्लीतील तक्रार राजीव गांधी भवनात नेऊन पोहोचविणे आणि तेथील निर्णय गल्लीत आणून सांगणे, हे त्याचे काम असते. ते करणारा कोणी उरला नाही, तेव्हा लोकांनी खड्ड्याचे छायाचित्र काढले, त्याखाली चौकाचे नाव लिहिले आणि ग्रुपवर टाकले. ते फिरत फिरत कोणा अभियंत्याच्या फोनवर गेले, तर कधी खड्डा बुजलाही. प्रशासकाच्या राजवटीत लोकांनी स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या वेळेत हे जे चालविले, ते नागरिकत्वाचेच लक्षण होय, असे आमचे मत आहे.

तपोवनाचे उदाहरण तर ताजे आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात साधुग्रामासाठी तेथील सुमारे १८०० झाडांसंबंधीची सूचना महापालिकेने काढली. अशा सूचना एरवी बारीक टाइपात छापल्या जातात, हरकतीची मुदत कोणाच्या ध्यानीमनी नसताना निघून जाते आणि मग कुऱ्हाड चालल्यावर हळहळ सुरू होते. या खेपेस तसे झाले नाही. ती सूचना ग्रुपाग्रुपांतून फिरली, हरकत कोठे व कशी द्यावयाची हे लोकांनी एकमेकांस सांगितले, सुनावणीस गर्दी झाली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. झाडे किती राखावीत आणि साधूंची सोय कोठे करावी, याविषयी मतभेद असू शकतात. आम्हांस येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, सार्वजनिक सूचना खरोखर सार्वजनिक झाली ती या मार्गाने.

त्याआधी करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, रुग्णशय्या कोठे रिकामी आहे आणि प्राणवायूचे सिलिंडर कोठे मिळेल याचा शोध शहराने याच मार्गाने घेतला. त्या महिन्याच्या २१ तारखेस डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. ज्या शहरावर हा प्रसंग ओढवला, तेथे एका खऱ्या दूरध्वनी क्रमांकाची किंमत काय होती, हे निराळे सांगावयास नको. त्याच दिवसांत साठा संपलेल्या दुकानांचे आणि केव्हाच भरून गेलेल्या रुग्णालयांचे क्रमांकही दिवसेंदिवस फिरत राहिले. संदेश पाठविणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण संदेशावर तारीख नव्हती, आणि तारीख नसल्यामुळे तो शिळा होत नव्हता. रात्री दोन वाजता असा क्रमांक फिरवून पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला त्या चांगल्या हेतूचा काय उपयोग?

गल्लीने आपली बातमी आपण सांगावी, ही कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केले आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून ते कित्येक दशके चालविले. पुण्यामुंबईच्या पत्रांना ज्या शेतकऱ्याचे अस्तित्व दुष्काळाखेरीज आठवत नसे, त्याची सुखदुःखे, त्याच्या वाड्यावस्त्यांतील भांडणे आणि सावकाराचे व्याज हे त्या पत्राचे विषय होते. आपल्या नाशकात दादासाहेब पोतनीसांनी १९३८ साली पत्र काढले, त्याचे नावच मुळी 'गावकरी'. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ साली ग्रामीण स्त्रियांनी 'खबर लहरिया' हे पत्र आपल्या बोलीत काढले. आज त्या स्त्रिया हातातील फोनवर चित्रफिती घेऊन तेच काम करतात. तेव्हा छापखाना आहे की फोन आहे, हा भेद आम्ही महत्त्वाचा मानीत नाही. 'दीनमित्रा'त काही छापून आले तर मुकुंदराव पाटलांना तरवडीस जाऊन जाब विचारता येत असे. ही सोय मात्र आज राहिलेली नाही.

कोणतेही वृत्तपत्र घ्या. त्याच्या कोठल्या तरी पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, संपादक अमुक, छापण्याचे ठिकाण अमुक. वाचक ती कधी वाचीत नाही. ही ओळ १८६७ च्या कायद्याने आली. इंग्रज सरकारने तो कायदा वृत्तपत्रांवरील प्रेमापोटी केला नव्हता, हे उघड आहे. त्यांस बंडखोर कोण ते कळावयास हवे होते. स्वतंत्र भारताने २०२३ मध्ये त्या जागी नवा कायदा केला व तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला, परंतु जबाबदार माणसाचे नाव लागते हे तत्त्व कायम राहिले. राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी आलेल्या या ओळीचा खरा उपयोग पुढे सामान्य माणसासच झाला. ज्याच्याविषयी खोटे छापून आले, त्याला कोणाचे दार ठोठवावयाचे ते ठाऊक असते. तो दुरुस्ती मागू शकतो, नोटीस देऊ शकतो, न्यायालयात जाऊ शकतो. छापील पत्रे त्यामुळे धुतल्या तांदळासारखी झाली, असा आमचा दावा नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण महाराष्ट्रातूनच देशभर गाजले आणि वृत्तपत्र परिषदेला त्यासाठी समिती नेमावी लागली. पण तो बोभाटा होऊ शकला, कारण अंक हाती होते, तारखा हाती होत्या आणि पत्रांची नावे हाती होती.

ग्रुपवरील बातमीला यांपैकी काहीच नसते. ती 'आलेली' असते. कोणी पाठविली असे विचारले तर उत्तर मिळते, दुसऱ्या ग्रुपवर होती. त्या ग्रुपवर विचारावे तर ती तिसरीकडून आलेली. निरोप पुढे जाताना मूळ लेखकाचे नाव गळून पडते, वेळ गळून पडते, पुष्कळदा गावही गळून पडते. इंदिरानगरातील नळाला गढूळ पाणी आले ही खरी बातमी चार उड्यांत 'नाशकात दूषित पाणीपुरवठा' अशी होते. यात कोणी लबाडी केलेली नसते. शिवाय खुलासा आला तरी तो मूळ बातमीच्या मागोमाग त्याच वाटेने जात नाही. वृत्तपत्राने काल चूक केली तर आज त्याच वाचकांपुढे दुरुस्ती येते. ग्रुपवरील चूक वाटेत कोणकोणत्या दारांशी थांबली, हे पाठविणाऱ्यालाही ठाऊक नसते. निरोप कुलूपबंद असल्यामुळे कंपनीलासुद्धा तो वाचता येत नाही, असे ती सांगते. एका ग्रुपवर १०२४ माणसे असू शकतात. एके काळी तालुक्याच्या साप्ताहिकाला एवढे वर्गणीदार मिळाले असते तर संपादकाने पेढे वाटले असते! हजार माणसांत बोललेले बोलणे खाजगी नव्हे. आणि ज्याखाली कोणाचे नाव नाही ते जाहीर निवेदनही नव्हे.

अशा अधांतरी बोलण्याने काय होते, हे नाशिक विभागाने फार जवळून पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, असे निरोप आणि चित्रफिती त्या भागातील फोनांवर कित्येक दिवस येत होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतील जनजागृतीच्या जाहिरातीची होती. तिच्या शेवटचा खुलासा कोणी तरी कापून टाकला होता. राईनपाड्यात जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकले. ज्यांनी मारले ते सराईत गुन्हेगार नव्हते. बाजाराला आलेली, मुलेबाळे असलेली माणसे होती, आणि आपण आपल्या मुलांचे रक्षण करीत आहोत अशी त्यांची समजूत होती. ती समजूत कोणी करून दिली, त्याचा धनी आजपर्यंत सापडलेला नाही व सापडणारही नाही.

त्याच दिवशी रात्री आपल्या जिल्ह्यात, मालेगावात, बाहेरून आलेल्या पाच जणांना जमावाने याच संशयावरून घेरले. त्यांत दोन वर्षांचे एक मूल होते. एका रहिवाशाने त्यांना घरात घेतले, पोलीस आले, त्यांनी मार खाल्ला पण माणसे बाहेर काढली. राईनपाडा आणि मालेगाव यांतील अंतर फार नाही आणि निरोपही एकच होता. मालेगावात मात्र कोणी तरी जमावासमोर स्वतःच्या चेहऱ्यानिशी उभा राहिला. त्याआधी २०१६ च्या ऑक्टोबरात त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका दुर्दैवी घटनेनंतर जिल्हा पेटला होता. बसगाड्या जळाल्या, आणि अफवांना आवर घालण्यासाठी मोबाइल इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्यामुळे अफवा थांबल्या की नाही ते सांगणे कठीण. पण आपला मुलगा सुखरूप घरी निघाला आहे, हे आईला कळण्याची वाटही त्याच वेळी बंद झाली.

म्हणूनच, या दुखण्यावर पोलिसी औषध सुचविणाऱ्यांशी आमचे मुळीच जुळत नाही. २०१२ साली पालघरमधील दोन तरुणींना फेसबुकवरील एका साध्या मजकुरासाठी अटक झाली. तेथून सुरू झालेल्या वादाचा शेवट माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द करण्यात झाला. ग्रुपवरील सदस्याने काहीही लिहिले तरी ॲडमिनला तेवढ्यावरून गुन्हेगार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले. सरकारविषयीची बातमी खरी की खोटी हे सरकारनेच ठरवावे, अशी व्यवस्था केंद्राने केली होती; तीही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मोडीत काढली. हे तिन्ही निर्णय आम्हांस योग्य वाटतात. खड्ड्याचा फोटो टाकणाऱ्याला नोटीस आणि अफवेचा जनक मोकळा, असेच अशा कायद्यांचे पर्यवसान होते. आणि कंपन्यांवर तरी किती विसंबावे? राईनपाड्यानंतर एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात घातली, हे चांगले झाले. पण पाच माणसे गेल्यावर ती घातली गेली.

परदेशी कंपनीच्या अंगणात आपल्या गावाची चावडी भरविण्यात आणखी एक धोका आहे. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने मोठ्या थाटात जाहीर केले की, यापुढे लोकांस स्थानिक बातम्या आधी दाखवू. पाच वर्षांनी कॅनडाच्या सरकारने वृत्तपत्रांना मोबदला देण्याचा कायदा करताच त्याच कंपनीने १ ऑगस्ट २०२३ पासून त्या देशात बातम्याच बंद करून टाकल्या. त्याच महिन्यात उत्तरेकडील यलोनाइफ शहराभोवती वणवे पेटले आणि सुमारे २० हजार लोकांस घरदार सोडून निघावे लागले. कोणता रस्ता मोकळा आहे, ही स्थानिक पत्राने दिलेली बातमी त्यांना फेसबुकवर एकमेकांना पाठविता येईना. कंपनीचा आणि सरकारचा तंटा न्यायाचा होता की अन्यायाचा, हे ठरेपर्यंत वणवा थांबावयाचा नव्हता. अमेरिकेत २००५ पासून एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली व कित्येक तालुके असे आहेत की, तेथे नगरपरिषदेच्या सभेस जाऊन बसणारा एकही बातमीदार उरलेला नाही. नाशकात ती स्थिती नाही. परंतु जिल्ह्याच्या पानांवर जाहिरातींची आणि पुढाऱ्यांच्या छायाचित्रांची जी दाटी होते, ती पाहता वाचकाने आपल्या गल्लीची बातमी दुसरीकडे शोधली, तर त्याला दोष देता येणार नाही.

शहराच्या नावाने चालणाऱ्या फेसबुकच्या पानांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्यांतील काही मनापासून चालविलेली आहेत. घाटावरची स्वच्छता, जुने वाडे, हरवलेली माणसे यांविषयीचे त्यांचे काम चांगले आहे. काहींचा व्यवहार मात्र असा आहे की, आज एखाद्या उपाहारगृहाची वाहवा, उद्या एखाद्या इच्छुक उमेदवाराची, आणि परवा कोणाची तरी बदनामी. यांतील कोणत्या मजकुरासाठी पैसे मोजले गेले, ते वाचकास कळावयास मार्ग नाही. शहराचे नाव कोणाच्याही मालकीचे नाही, म्हणून ते कोणीही उचलावे आणि आपल्या पाटीवर लावावे, असे चालले आहे. पान चालविणाऱ्याने आपले नाव आणि गाव पानावर लिहावे, पैसे घेऊन केलेल्या मजकुराला जाहिरात म्हणावे, एवढी अपेक्षा जास्त नाही. ज्यांना हे जड वाटेल, त्यांची पाने वाचावयाची की नाहीत ते वाचकांनी ठरवावे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो बिनतोड वाटण्यासारखा आहे. नाव लिहिण्याची सक्ती केली तर ठेकेदाराविरुद्ध, वाळूवाल्याविरुद्ध किंवा स्थानिक दादाविरुद्ध कोण बोलणार? आक्षेपातील भीती खरी आहे. पण बातमी देणारा आणि बातमी प्रसिद्ध करणारा ही दोन माणसे निराळी असतात, हे वृत्तपत्रे शंभर वर्षांहून अधिक काळ जाणतात. खबर देणाऱ्याचे नाव गुप्त राहते. त्याच्या वतीने खाली सही करणारा कोणी तरी असतो, तो खात्री करून घेतो आणि प्रसंगी न्यायालयात उभा राहतो. ग्रुपच्या ॲडमिनने हेच करावे, असे आमचे म्हणणे आहे. कायद्याने त्याच्यावर ओझे टाकलेले नाही, ते योग्यच झाले. परंतु हजार माणसांना जो रोज बातमी पोहोचवतो, त्याने सभ्य माणूस म्हणून स्वतःहून काही पाळावे. बातमीसोबत ठिकाण आणि वेळ नसेल तर ती टाकू देऊ नये. 'पुढून आलेली' असेल तर ती पाहिली कोणी, हे विचारावे. खोटी निघाली तर तेवढ्याच ठळकपणे तसे सांगावे, आणि सांगणाऱ्याने लाजू नये.

मात्र सर्व भार नागरिकांवर टाकून महापालिकेने आणि पाटबंधारे खात्याने हात झटकावेत, हे आम्हांस मान्य नाही. अफवेची जागा रिकामी असते तेव्हाच अफवा तेथे येऊन बसते. पावसाळ्यातील गोष्ट घ्या. गंगापूर धरण शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर; तेथून पाणी सुटले की काही तासांत ते रामकुंडावर येते, सराफ बाजार आणि भांडी बाजारातील दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवू लागतात, आणि खाली निफाड तालुक्यात सायखेडा व चांदोरीचे लोक रात्र जागून काढतात. विसर्गाचा आकडा खाते जाहीर करते तो क्युसेकमध्ये. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदास सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी, हे कितीजणांस ठाऊक असेल? आणि ठाऊक असून तरी काय कळणार? नाशिककराला कळते ते दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, हे. पिढ्यान्‌पिढ्या शहराने पूर असाच मोजला आहे. सरकारी आकड्याखाली एक ओळ अशी का असू नये की, या विसर्गाने अमुक वाजेपर्यंत पाणी मारुतीच्या अमुक अंगापर्यंत येईल, आणि खाली अधिकाऱ्याचे नाव व वेळ? ते होत नाही, म्हणून दर पावसाळ्यात जुन्या पुराची चित्रफीत आजची म्हणून फिरते आणि सराफ बाजारात विनाकारण धावपळ होते; आणि दोनदा फसलेला दुकानदार तिसऱ्यांदा, खरोखर पाणी येते तेव्हा, जागचा हलत नाही.

आता सिंहस्थाकडे वळू. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. तेव्हा लोकांच्या हाती असले फोन नव्हते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसे गेली; फुले पडली असे कोणी म्हणाले, ते पूल पडला असे ऐकू आले, अशी साक्ष चौकशीत नोंदविली गेली. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसला आग लागल्याच्या नुसत्या ओरडीने प्रवाशांनी रुळांवर उड्या टाकल्या आणि समोरून आलेल्या गाडीखाली बारा-तेरा जण सापडले. त्यानंतर आठच दिवसांनी प्रयागराजच्या कुंभात चेंगराचेंगरी झाली. ती पहाटे झाली आणि मृतांचा अधिकृत आकडा, ३०, सांगितला गेला तो संध्याकाळी. मधल्या तासांत घरोघरी फोनांवर काय काय येत होते, ते आपल्यापैकी पुष्कळांनी स्वतः वाचले आहे. आपल्या गावचा यात्रेकरू जिवंत आहे की नाही, हे सांगणारे सरकारी तोंड दिवसभर बंद होते.

नाशकातील अडचण याहून थोडी अधिक आहे. शहर पोलीस आयुक्तांच्या हद्दीत येते, त्र्यंबकेश्वर ग्रामीण पोलिसांच्या. महापालिका वेगळी, त्र्यंबकची नगरपरिषद वेगळी, पाटबंधारे खाते वेगळे, रेल्वे वेगळी, आणि या सर्वांवर कुंभमेळा प्राधिकरण. स्नानाच्या पहाटे या सहा-सात तोंडांनी सहा-सात गोष्टी सांगितल्या, किंवा सर्वांनी एकमेकांची वाट पाहत मौन धरले, तर काय व्हावयाचे ते ओळखण्यास ज्योतिषी लागणार नाही. प्राधिकरणाने आत्ताच ठरवावे की, बोलणारा एकच असेल, त्याचे नाव सर्वांस ठाऊक असेल, आणि काही कळलेले नसले तरी दर अर्ध्या तासाने तो मराठीत व हिंदीत तसे सांगेल. शहरातील जे ग्रुप आणि जी पाने नावानिशी चालतात, त्यांच्या चालकांस आजच बोलावून घ्यावे. त्यांना हुकूम देण्यासाठी किंवा दटावण्यासाठी बोलावू नये. अमुक गल्ली बंद झाली हे त्यांना तुमच्याआधी कळणार आहे, ते त्यांनी कोणाला सांगावयाचे आणि तुम्ही त्यांना काय व किती वेळात कळवावयाचे, एवढे ठरविण्यासाठी बोलावावे. निवडून आलेले १२२ नगरसेवक आता शहराला आहेत. आपापल्या प्रभागातील हे काम त्यांच्याकडे देता येईल, आणि त्यांनी ते वाढदिवसाच्या फलकांइतक्याच उत्साहाने करावे.

शेवटी एक तारीख ध्यानात आणून द्यावयाची आहे. २ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीला मोठा पूर आला होता. त्यानंतरचा मोठा पूर ४ ऑगस्ट २०१९ रोजी आला. पहिले अमृतस्नान आहे २ ऑगस्ट २०२७ रोजी. त्या दिवशी धरण भरलेले असेल, पाणी सोडणे भाग पडेल आणि घाटावर लाखो माणसे असतील, असे होणे मुळीच अशक्य नाही. त्यांतील बहुसंख्य लोकांना दुतोंड्या मारुती म्हणजे काय, हे ठाऊक नसेल. पाणी किती आणि केव्हा येणार, हे त्यांना कोण सांगणार, कोणत्या शब्दांत सांगणार आणि त्याखाली कोणाचे नाव असणार, याची तालीम त्या स्नानापूर्वीच्या पावसाळ्यातील प्रत्येक विसर्गाच्या वेळी करून पाहता येईल. पाटबंधारे खात्याने त्यासाठी मंत्रालयाच्या परवानगीची वाट पाहू नये.